नऊ घरं, छत्तीस चाकं

“ओ मोजणीवाले, टेप ताणून धरा की! माझं अर्धा फूट घर खाताय तुमी.”

मी वर पाहिलं. पत्र्याच्या खोलीच्या दारात साठीची एक बाई पाय सोडून बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, दातांना मिश्री, आणि नजर अशी की माझ्या हातातल्या टेपवरचा माझाच विश्वास उडाला.

“हे घर नाही, बाई,” मी जमेल तेवढ्या साहेबी आवाजात म्हणालो. “गाडी आहे. खाली चाकं दिसताहेत मला.”

“गाडी हाय व्हय? मग चालवून दावा.”

मी पुढच्या बाजूला जाऊन वाकून बघितलं. इंजिन असायला हवं तिथे चूल होती आणि चुलीवर भात रटरटत होता.

“जरा दमानं,” ती म्हणाली. “भात झाला की चालवा. आन् बाई नगा म्हणू. अक्का म्हणा. गजराक्का म्हणत्यात मला.”

आसपासच्या आठ गाड्यांतून हसण्याचा आवाज आला. मी चोवीस वर्षांचा होतो, वाघुर्डी नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून चिकटून पाच महिने झाले होते, आणि माझ्या बुटांची करकर अजून गेली नव्हती. एवढी माणसं माझ्यावर एकदम हसण्याची ती पहिलीच वेळ. पुढे सवय झाली.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. स्टँडपासून नाक्यापर्यंतचा रस्ता रुंद करायचं पालिकेनं ठरवलं होतं. रस्त्यात येणाऱ्या प्रत्येक घराला पाण्याच्या टाकीमागच्या माळावर भूखंड मिळणार होता, आणि त्या घरांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. नाक्याजवळच्या या नऊ गाड्या जत्रेतल्या लोकांच्या. कुणाचा पाळणा, कुणाचं नेमबाजीचं दुकान, कुणाचा मौत का कुवा. गजराक्काचा आरसेमहाल होता, म्हणजे एका आरशात माणूस बुटका आणि दुसऱ्यात ताडमाड दिसणारा. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत ही मंडळी जत्रांतून फिरायची. उरलेलं वर्ष इथे, रस्त्याच्या कडेला. गाड्यांची इंजिनं कधीच विकून झाली होती. निघायची वेळ आली की भाड्याचा ट्रॅक्टर जोडायचे. असं बावीस वर्षं चाललं होतं.

“यादीत नाव लिवलं का माझं?” अक्कानं विचारलं.

“नाही लिहिता येत, अक्का. भूखंड घराला आहे. गाडीला फक्त पंधरा दिवसांची नोटीस. मग गावाच्या हद्दीबाहेर न्यायची.”

“घर म्हंजे काय वो? कागदावर लिवलं आसंल की.”

मी पिशवीतून ठराव काढला आणि दुसऱ्या पानावरची ओळ वाचून दाखवली. ‘घर म्हणजे जमिनीस पक्के टेकलेले व स्थलांतरित न करता येण्याजोगे बांधकाम.’

“म्हंजे हलाय नगं.”

“हो.”

“येवढंच?”

“एवढंच.”

तिनं मागे वळून हाक मारली, “रामलिंगा!” आणि गाडीखालून तेलानं माखलेला एक लंगडा माणूस बाहेर सरकला. हा तिचा पुतण्या. वीस वर्षं मौत का कुव्यात मोटारसायकल फिरवून त्याचा एक पाय कामातून गेला होता, पण हात शाबूत होते. दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसले. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी नवा होतो, आणि त्यांनी मला भात आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोजणी पुरी करायला गेलो, तर नऊच्या नऊ गाड्या दगडी जोत्यावर बसल्या होत्या. चाकं गायब. एक नाही, दोन नाही, छत्तीस चाकं. जोत्यांना मातीचा गिलावा, वर शेणाचा हात, दारापुढे दोन पायऱ्या, पायऱ्यांपुढे रांगोळी. अक्कानं तर तेलाच्या डब्यात तुळसही लावली होती. तुळस इतकी ताजी उपटलेली, की बिचारी मान टाकून उभी होती.

“अक्का, काल इथे चाकं होती!”

“काल व्हती का? मला न्हाई याद. रामलिंगा, चाकं व्हती का रं काल?”

“कसली चाकं?” रामलिंग म्हणाला. त्याच्यामागे ताडपत्रीखाली चांगला माणूसभर उंच ढीग होता.

ज्यांनी जन्मभर अख्खा आकाशपाळणा सकाळी उभा करून तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरवला, त्यांना चाकं काढणं म्हणजे काय होतं! प्रत्येक नटबोल्टवर त्यांचे रंगाचे ठिपके असत, आणि कोणी काय धरायचं हे ठरलेलं. रामलिंगनं एक शिट्टी दिली की अठरा जण आपापल्या जागी. मला राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट पोटात गुदगुल्या झाल्या. हलतंय का म्हणून मी एका जोत्याला बुटानं ढोसून बघितलं. हललं नाही. मग मी पंचनामा लिहिला: नऊ बांधकामं, जमिनीस टेकलेली. दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि शीळ घालत कचेरीत गेलो.

तो आनंद दोन दिवस टिकला.

आमच्याच पालिकेत घोसाळकर नावाचे गृहस्थ अतिक्रमण पथक सांभाळत. त्यांच्याकडे कुणीतरी चहाडी केली की नाक्यावर नवी जोती आली आहेत. ठरावात असंही होतं, की ठरावानंतर उभारलेलं कोणतंही नवं बांधकाम दिसल्याबरोबर पाडायचं. घोसाळकर बुलडोझर घेऊन निघाले. पण बुलडोझर तो, बाजारपेठेतून बैलगाडीच्या मागे मागे यायला त्याला पाऊण तास लागला. रामलिंगला चाळीस मिनिटं पुरली.

“हे काय?” घोसाळकरांनी जीपमधून उतरत विचारलं.

“गाड्या,” अक्का म्हणाली.

“जोती कुठायत?”

“गाडीला जोतं आसतं व्हय सायेब?”

गाडीवर बुलडोझर घालायचा अधिकार घोसाळकरांना नव्हता. त्यांनीही पंचनामा केला: नऊ वाहनं, चाकांसह. दोन्ही पंचनामे एकाच फायलीत शेजारी शेजारी लागले आणि फाईल मुख्याधिकारी पत्रावळे साहेबांच्या टेबलावर गेली.

पत्रावळे साहेब उंच, किडकिडीत आणि कायम आंबट चेहऱ्याचे. पालिकेत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला आणि घोसाळकरांना समोर उभं केलं.

“खैरमोडे, तुम्ही घेता का थोडी?”

“नाही साहेब.”

“घोसाळकर, तुम्ही?”

“सणासुदीला, साहेब.”

“मग तुम्हा दोघांपैकी शुद्धीत कोण होतं?” त्यांनी फाईल आपटली. “गुरुवारी अकरा वाजता मी स्वतः येतो. दोघंही माझ्याबरोबर. बुलडोझरही. घर असेल तर नवं बांधकाम म्हणून जागच्या जागी पाडू. गाडी असेल तर नोटीस देऊन गावाबाहेर काढू. आणि खैरमोडे, तुमचं कायम व्हायचं पत्र माझ्या सहीसाठी आलंय, ध्यानात आहे ना?”

ध्यानात होतं. तरी बुधवारी दुपारी मी नाक्यावर गेलो. टेप विसरलोय असं कचेरीत सांगितलं. टेप पिशवीतच होती.

सगळं ऐकून रामलिंगनं डोकं धरलं. “आक्के, चाकं ठेवू का काढू?”

“ठेवलीत तर भूखंड गेला,” मी म्हणालो. “काढलीत तर बुलडोझर.”

“मग सोडा ना त्यो नाद,” रामलिंग म्हणाला. “पल्याडच्या तालुक्यात माळ काय थोडे हायती? ट्रॅक्टर लावू आन् जाऊ.”

“मी न्हाई जायाची,” अक्का म्हणाली.

“आगं पर...”

“तुला सांगितलं ना, न्हाई. मला जागा पायजे. हलणार न्हाई आशी. कागदावर नंबर आसंल आशी. आन् ती ह्याच गावात.”

तिचा आवाज इतका चढला की बाजूच्या गाडीतली माणसं बाहेर आली. आतापर्यंत मला ती बेरकी वाटली होती. त्या दुपारी पहिल्यांदा ती घाबरलेली दिसली. मी विचारलं, “अक्का, एवढं काय आहे या गावात?”

“ते तुमाला काय करायचं? तुमी भात खाणार का?”

गुरुवार वाघुर्डीचा बाजाराचा दिवस. साहेबांना हे ठाऊक होतं, पण गर्दीचा विचार त्यांनी केला नसावा. जीप आणि मागून बुलडोझर बघून अर्धा बाजार आमच्यामागे नाक्यावर आला. कोथिंबिरीच्या जुड्या हातात, कोंबड्या काखेत, आणि सगळ्यांच्या तोंडावर आज काहीतरी होणार असा आनंद.

साहेब छत्री टेकत रस्त्याच्या बाजूनं पहिल्या गाडीपाशी गेले. दोन चाकं, चाकांत व्यवस्थित हवा.

“गाडी,” साहेब म्हणाले.

“गाडीच, साहेब!” घोसाळकर म्हणाले.

साहेब वळसा घालून मागे गेले. मागे जोतं, गिलावा, दोन पायऱ्या, रांगोळी आणि एव्हाना बऱ्यापैकी सावरलेली तुळस.

“घर,” साहेब म्हणाले.

“घरच, साहेब!” मी म्हणालो.

साहेब परत पुढे आले. परत मागे गेले. नऊही गाड्या तशाच: रस्त्याच्या अंगाला चाकं, शेताच्या अंगाला जोतं. साहेब तिसरा वळसा घालू लागले तेव्हा लोक मोठ्यानं मोजायला लागले. पुढे असले की एका बाजूची पोरंसोरं “गाडी!” ओरडायची, मागे गेले की दुसऱ्या बाजूच्या बाया “घर!” ओरडायच्या. मी खाली मान घालून कागदावर रेघोट्या मारत होतो, कारण वर पाहिलं असतं तर माझी नोकरी तिथेच गेली असती.

आणि मग ते झालं.

जत्रेतल्या माणसासमोर दोनशे डोकी एका जागी जमून हसायला लागली, की त्याचे हात त्याला विचारत नाहीत. रामलिंग आरसेमहालाच्या दाराशी उभा होता. त्याचा हात वर गेला आणि त्यानं घंटा बडवली. घंटेबरोबर तोंड सुटलं, “चला चला चला! बुटका हुतो उंच, उंच हुतो बुटका! बघा आन् पोट धरून हसा!” घंटा ऐकताच अक्कानं खिडकीची फळी वर सारली, गठ्ठ्यातून एक तिकीट टर्रकन फाडलं आणि समोर जो होता त्याच्या हातात कोंबलं. समोर पत्रावळे साहेब होते.

मग अख्खा बाजार हसला.

अक्काचा हात खिडकीबाहेर तसाच राहिला. तिच्या तोंडावरचा रंग पार गेला. रामलिंगनं घंटेचा लोळा मुठीत गच्च धरला, जणू आता आवाज परत आत जाणार होता.

“हे काय आहे?” साहेबांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं.

“तिकीट,” अक्का पुटपुटली. “चुकून झालं, सायेब. मानसं दिसली आन्...”

“म्हणजे इथे खेळ चालतो? रस्त्यावर? परवाना नसताना?”

“न्हाई वो सायेब, आता न्हाई...”

“आता नाही म्हणजे काय? माझ्या हातात तिकीट आहे!” साहेब ओरडले. तीन वळशांचा, दोनशे माणसांचा आणि आमच्या दोन पंचनाम्यांचा राग त्या तिकिटावर निघाला. “घर नाही आणि गाडीही नाही! हा उघड उघड व्यवसाय आहे. खैरमोडे, लिहा! नऊच्या नऊ ठिकाणी व्यवसाय!”

मी पेन उचललं आणि तसाच थांबलो. काल रात्री जेवताना मी ठराव पुन्हा चाळला होता, काही फट सापडते का म्हणून. तिसऱ्या पानावर एक कलम होतं. माझं काम घरांचं, म्हणून मी ते कधी नीट वाचलं नव्हतं. काल वाचलं आणि यांना लागू नाही म्हणून सोडून दिलं होतं.

“साहेब,” मी शक्य तितक्या बावळट चेहऱ्यानं विचारलं, “व्यवसाय असंच लिहू?”

“असंच! मोठ्या अक्षरात!”

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. घोसाळकरांनी उत्साहानं पंच म्हणून सही केली. साहेबांनीही केली. मग मी पिशवीतून ठराव काढून तिसरं पान उघडलं आणि अगदी दबक्या आवाजात वाचायला लागलो. ‘रस्त्यात येणारे व्यावसायिक, मग ते दुकान, टपरी, हातगाडी वा चाकांवरील कोणत्याही साधनातून व्यवसाय करीत असोत, त्यांना व्यवसाय व निवास यांकरिता भूखंड द्यावा.’

पानटपरीवाल्यांनी पालिकेला घेराव घातला होता तेव्हा हे कलम आलं होतं. मजकूर पत्रावळे साहेबांनी स्वतः लिहिलेला.

साहेबांनी ते पान माझ्या हातातून घेतलं. एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मी मनातल्या मनात गावाकडच्या एस.टी.त जाऊन बसलो.

“मग पाडायचं का नाही?” घोसाळकरांनी विचारलं.

“घोसाळकर, तुम्ही जीपमध्ये बसा,” साहेब म्हणाले. त्यांनी हातातलं तिकीट उलटसुलट केलं. अक्काकडे पाहिलं. “हे चालतं का अजून?”

“चालतं की,” अक्का कशीबशी म्हणाली.

साहेबांनी छत्री माझ्याकडे दिली आणि वाकून आरसेमहालात शिरले. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग एक विचित्र आवाज आला, दाबून ठेवलेल्या खोकल्यासारखा. घोसाळकर जीपमधून उतरून धावत आले. पण तो खोकला नव्हता. पालिकेच्या इतिहासात पत्रावळे साहेब पहिल्यांदा हसत होते, आणि त्यांना थांबता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “खैरमोडे, दिवाळीच्या आत नावं पाठवा.” एवढंच. माझं कायम व्हायचं पत्र त्या शनिवारी सही होऊन आलं.

दिवाळीच्या आधी टाकीमागच्या माळावर चुन्यानं नऊ चौकोन आखले. मी दगडावर वही ठेवून एकेकाला बोलावत होतो: नाव, वय, अंगठा. सगळे नाचत होते. रामलिंग आपल्या चौकोनात लंगडत फेऱ्या मारत होता आणि बायकोला न्हाणी कुठे हे सांगत होता. अक्का मात्र सातव्या नंबरच्या चौकोनात मधोमध शांत बसली होती. शेवटी आली.

“पूर्ण नाव सांगा, अक्का.”

“सुशीला.”

“तुमचं नाव गजराबाई ना?”

“माझं न्हवं. जागा सुशीच्या नावावर लिवा. माझी लेक.”

मी कधीच तिच्या लेकीबद्दल ऐकलं नव्हतं. “ती कुठे असते?”

“ठावं न्हाई.” अक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “धा वर्सं झाली. मनाजोगतं लगीन करू दिलं न्हाई म्हणून गेली निघून. त्याच नाक्यावरनं गेली. लई रागीट हाय. माझ्यावरच गेलीय.” मग ती एकदम भडकलीच. “राग काय जन्मभर ऱ्हातो का वो? कधीतरी यावंसं वाटंल का न्हाई तिला? वाटलं तर जाणार कुठं? कधी ह्या जत्रंत, कधी त्या जत्रंत... माझा पत्ता काय, तर ट्रॅक्टर नेईल तिकडं. लेकीच्या माहेराला चाकं आसून कसं चालंल, सायेब?”

मी वहीत सुशीलाचं नाव लिहिलं. अक्षरं दिसत नव्हती.

“ती इथं हजर असावी लागते, अक्का. अंगठा तिचा लागतो.”

“मंग?”

मंग काय. मी शाईचा डबा तिच्यापुढे सरकवला. सुशीलाच्या नावापुढे गजराक्काचा अंगठा उठला आणि त्याच्या शेजारी मी लिहिलं: ‘अर्जदार समक्ष हजर.’ खाली माझी सही. पुढच्या तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ सह्या केल्या. अशी सुवाच्य पुन्हा आली नाही.

त्या माघात माझं लग्न झालं आणि बायकोला घेऊन मी तिच्या आजोळच्या जत्रेला गेलो. आम्ही भेळ खात उभे होतो. कर्ण्यावरची गाणी बंद झाली, खरखर झाली, आणि अख्ख्या जत्रेवरून एक ओळखीचा आवाज गेला.

“सुशे, ए सुशे! आसशील तितनं ऐक. वाघुर्डीला पाण्याच्या टाकीमागं, नंबर सात. जागा तुझ्या नावावर हाय. आता मी कुठं हालत न्हाई. जत्रा संपली की तितंच हाय. दार उगवतीला केलंय, तुला सकाळचं ऊन लागतं म्हणून. आयकलं का? ज्यांनी कुणी आयकलं त्यांनी तिला सांगा.”

पुन्हा गाणी लागली. बायकोनं विचारलं, “हे काय होतं?” मी म्हणालो, सांगतो घरी गेल्यावर. नंतर कळलं, त्या हंगामात एकूण एकोणीस जत्रांत अक्कानं हे बोलून दाखवलं होतं.

सुशीला नागपंचमीला आली. बरोबर नवरा आणि दोन पोरं. रामलिंग मला बोलवायला कचेरीत धापा टाकत आला, पण मी पोचेपर्यंत आतून मायलेकींचं भांडण ऐकू यायला लागलं होतं. उगवतीचं दार टाकीच्या सावलीत येतंय, एवढं साधं कळलं नाही का, म्हणून लेक आईवर ओरडत होती. आणि गजराक्का रडत रडत म्हणत होती, “फोड की मग भिंत! तुझीच हाय!”